बापाच्या नावाचा रकाना

तालुक्याच्या कचेरीत मी दाखले काढायला कंत्राटी ऑपरेटर होते, तेव्हाची ही गोष्ट. उसाच्या पट्ट्यातल्या एका गावाहून एक मावशी लेकीला घेऊन आल्या. ऊसतोडीला जायच्या. लेक बारावी झालेली, तिला धाराशिवला नर्सिंगला घालायचं होतं, त्यासाठी रहिवासी दाखला हवा होता. लेक पोटात असतानाच नवरा सोडून गेलेला. शाळेतसुद्धा पालक म्हणून आईचंच नाव लागलेलं.

मी अर्ज भरायला घेतला. बापाच्या नावाचा रकाना मोकळा ठेवला की पडद्यावर लाल पट्टी यायची, पुढं जाताच येईना. आईचं नाव चालतं, असं पत्र आमच्याच कचेरीत फायलीला लागलेलं होतं. पण ते प्रोग्रामला कोण वाचून दाखवणार?

साहेबांनी जिल्ह्याला फोन लावला. कळलं ते असं, की प्रोग्राम करणाऱ्या कंपनीचं कंत्राट संपलंय आणि कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, तिच्याकडंच आहे; त्यामुळं बदल कुणालाच करता येत नाही. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. ती अट काढणं फार तर दोन ओळींचं काम, एवढं मला कळत होतं.

"साहेब, कोड बघायला मिळाला असता तर..."

"मॅडम, पैसे सरकारनं दिले, पण आत काय हाय ते बघायचा हक्क सरकारलाच न्हाय. तुमी-आमी काय करणार?"

प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी मावशींना म्हणाले, "त्यांचं नाव टाकू का? नुसतं कागदापुरतं."

"ज्यानं पोरीचं तोंड बघितलं न्हाय, त्याचं?"

मग लेकीनंच खिडकीत वाकून, मला एकटीलाच ऐकू येईल अशा आवाजात ते नाव सांगितलं. मी टाइप केलं. लाल पट्टी गेली.

मावशींना वाचता येत नव्हतं. दाखला माझ्यापुढं धरून त्यांनी विचारलं, "ह्यात माजं नाव कुठं हाय?"

कुठंच नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लेकीमागं चालू लागल्या.

पोरीला प्रवेश मिळाला, असं नंतर कळलं. मला मात्र राहवेना. मी वर अर्ज पाठवला: सरकारी प्रोग्राम सरकारनंच करावेत, नाहीतर बाहेरून करून घेताना कोड सगळ्यांना खुला ठेवायची अट घालावी, म्हणजे चूक दिसली तर कुणालाही दुरुस्त करून पाठवता येईल. दोन महिन्यांनी उत्तर आलं, सूचना संबंधित विभागाकडं पाठवली आहे. तो विभाग कुठला, ते साहेबांनाही सांगता आलं नाही.