सहीनिशी थापा

पोलिसांपुढे मी खोटं बोलले आहे. एकदा नाही, एका बैठकीत चारदा. आणि खाली ठसठशीत सही करून दिली आहे. कुणाच्या धाकाने नव्हे हो. समोरचा माणूस पोलीस आहे हेच मला कळलं नव्हतं. तेव्हा मी लहान होते. म्हणजे एकोणसाठ वर्षांची.

नात म्हणते, "आजी, एकोणसाठ म्हणजे लहान?" तिला म्हणावं, सत्तरी ओलांड आणि मग मागे वळून बघ. शाळेच्या ऑफिसात मी तीस वर्षं क्लार्क होते. "वाचल्याशिवाय सही करू नका" असं खिडकीतून पालकांवर खेकसणारी बाई ती मीच. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. लोकांच्या घरची माहिती फॉर्मवर मिळेनाशी झाली, म्हणून मी ती तोंडी गोळा करायला लागले होते.

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत आम्ही तळमजल्यावर, जिन्याला लागून. वर कुणाकडेही जायचं तर माझ्या दारावरून जावं लागतं. पोस्टमन, गॅसवाला आणि स्थळाची चौकशी करणारी माणसं. ही शेवटची जमात तर हमखास थांबायची. मुलगी बघायला वर जाण्याआधी खालच्या शेजारणीला हळूच विचारून घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच. मुलगी कशी, घरचे कसे, कोण येतं, कोण जातं.

आमच्या डोक्यावरच्या घरात एक मायलेकींची जोडी होती. आई अंगणवाडीत, मुलगी अंबडच्या एका कारखान्यात माल तपासायला. दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी एक स्थळ आलं, आणि त्यांची माणसं माझ्या दारात थांबली. मी खरं ते सांगितलं. मुलगी गुणी आहे, कमावती आहे, सेकंड शिफ्ट असली की कंपनीच्या बसने साडेअकराला घरी येते. हे मी कौतुकाने सांगितलं! त्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, माझ्याकडचं पाणी प्यायली आणि जिना न चढताच निघून गेली. वर पोहे करून झाकून ठेवले होते. ते पोहे मी खाल्ले नाहीत, पण दोन वर्षं माझ्याच घशात अडकून होते.

म्हणून त्या दुपारी काखेत रेक्झिनची बॅग घेतलेला, साध्या कपड्यांतला एक माणूस दारात येऊन म्हणाला, "ताई, वरच्या घराला कुलूप दिसतंय. त्या मुलीची जरा चौकशी करायची होती," तेव्हा मी मनात पदर खोचला. या वेळी चुकायचं नाही.

"मी इथल्या—" तो सांगायला लागला.

"ते होईल हो. आधी बसा. उन्हाचे आलात."

त्याला पंख्याखाली बसवलं, चहा टाकला, चिवड्याची बशी पुढे सरकवली. आमचे हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरासा खाली घेतला, मी डोळे मोठे केले, पेपर परत वर गेला.

"किती वर्षं ओळखता मुलीला?"

"जन्मल्यापासून," मी म्हटलं. राहायला येऊन त्यांना सात वर्षं झाली होती.

"शिक्षणाला वगैरे बाहेरगावी होती का?"

"छे हो! एक रात्र घराबाहेर काढली नाही पोरीने." दोन वर्षं पुण्याला होस्टेलवर राहून डिप्लोमा करून आली होती.

"सध्या नोकरी?"

"कसली नोकरी! आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकतेय." त्या पोरीला अजूनही भात मऊ की कडक ते भांडं उघडल्यावरच कळतं.

मग त्याने पेन थांबवून विचारलं, "लासलगावला काका असतात ना तिचे?"

मी मनात चरकले. कांद्याचे भाव पडले तेव्हा हा काका रस्त्यावर ट्रॅक्टरपुढे आडवा झोपला होता, आणि त्याच्यावर केस झाली होती. म्हणजे एवढी बातमी काढून आले होते हे लोक! 

"काका?" मी म्हटलं. "तिला काकाच नाही. वडील एकुलते एक होते."

"नाही?"

"नाहीच."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, खूश झाला.

आता माझी पाळी. आवाज खाली आणून विचारलं, "कुठलं आहे हो?"

"देवळाली कॅम्प."

"लष्करात?"

"लष्कराचंच. पण सिव्हिलियन पोस्ट."

"सरकारी ना पण? पक्कं?"

"एकदम पक्कं. क्वार्टरपण मिळतं, नंबर लागला की."

क्वार्टर! मी त्याच्या बशीत आणखी चिवडा घातला. त्याने एक छापील कागद भरला आणि माझ्यापुढे केला. चष्मा आतल्या खोलीत होता. मी मनात म्हटलं, काय पद्धतशीर माणसं आहेत, स्थळाच्या चौकशीलासुद्धा फॉर्म! आणि सही ठोकली. खाली दोन टिंबंही दिली, शाळेत द्यायचे तशी.

वर मायलेकींना काही बोलले नाही. ठरायच्या आधी तोंड उघडलं तर फिसकटतं, हे एकदा शिकले होते. पंधरा दिवस पोटात ठेवलं. आयुष्यातलं माझं पहिलं गुपित.

पंधराव्या दिवशी ती पोरगी खाली आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काकू, आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. देवळालीला लष्कराच्या एका ऑफिसात क्लार्कची परीक्षा मी पास झाले. पोलिसांची चौकशी तेवढी राहिली होती. आता म्हणतात, फॉर्ममध्ये एक आणि शेजाऱ्यांच्या जबाबात भलतंच. माहिती लपवली असा शेरा मारलाय. महिनाअखेरपर्यंत सुटलं नाही तर यादीतल्या पुढच्या नंबरला बोलावतील. आणि अंबडला तर मी राजीनामा देऊन बसलेय."

"कोण मेली ती जबाब देणारी?" मी उसळले. "तिच्या जिभेला काही हाड?"

"काय माहीत. मला काकाच नाही म्हणून सांगितलंय! काकांची केस मी स्वतःहून फॉर्मात लिहिली होती, काकू. लपवायचं नाही म्हणून."

माझी जीभ तिथल्या तिथे थांबली. मी कसंबसं विचारलं, "त्या चौकशीच्या माणसाकडे रेक्झिनची बॅग होती का गं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

कोपऱ्यातला पेपर खाली आला. "हिने त्याला चिवडापण दिला होता," आमचे हे म्हणाले. "दोनदा."

मी सगळं सांगितलं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती उठली, चहाचा कप तसाच ठेवून जिना चढून गेली. रविवारी विहारात पंचशील म्हणताना तीन शीलं मी खणखणीत म्हटली. चौथ्याला, खोटं बोलणार नाही या शीलाला, माझा आवाजच निघेना. शेजारच्या बाईने विचारलं, घसा बसलाय का? म्हटलं, हो. म्हणजे पाचवी थाप.

सोमवारी मी वर जाऊन म्हटलं, "चल, आपण दोघी जाऊ." ती आली. बसमध्ये मात्र माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवून मागच्या सीटवर बसली.

पोलिसांच्या ऑफिसात तोच माणूस. मला बघून म्हणाला, "या आजी." पंधरा दिवसांत मी ताईची आजी झाले होते. त्याने आम्हाला त्याच्या मॅडमपुढे उभं केलं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण नजर अशी की मला माझ्या शाळेच्या हेडमास्तरांची आठवण झाली.

"यातलं काय खोटं आहे?" त्यांनी माझा जबाब पुढे टाकला.

"मुलीचं नाव आणि माझी सही सोडून सगळं."

"का?"

"मला वाटलं, स्थळाची चौकशी आहे."

मॅडमनी त्या माणसाकडे पाहिलं. तो छताकडे बघत म्हणाला, "मॅडम, त्या बोलूच देत नव्हत्या."

"खोटा जबाब देणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मला आत टाका, पण हिचं अडवू नका."

त्यांनी जबाबाचा कोरा फॉर्म दिला. या वेळी मी चष्मा लावला. सात वर्षांची ओळख, पुण्याचं होस्टेल, अंबडची सेकंड शिफ्ट, लासलगावचा काका त्याच्या केससकट, सगळं लिहिलं. स्वभाव या रकान्याशी आले आणि पेन थांबलं. मागे ती उभी होती. पण खरं म्हणजे खरं. लिहिलं: 'तोंडाने फटकळ. पाण्याच्या मोटरीवरून माझ्याशी दोनदा भांडली. दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.'

मॅडमनी वाचलं. मग पेन टेबलावर ठेवून विचारलं, "आता हे सांगा. तिथे बाहेर न बोलण्यासारखी कागदपत्रं असतात. ही मुलगी तोंड बंद ठेवेल?"

"मॅडम," मी म्हटलं, "आमच्या कॉलनीत कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या होतात ते मला माहीत असतं. ही पोरगी माझ्या डोक्यावर राहते. हिने फॉर्म भरला, अभ्यास केला, परीक्षा दिली, पास झाली, राजीनामा दिला, आणि मला पत्ता लागू दिला नाही. मला! आणखी कसला दाखला हवा तुम्हाला?"

त्या माणसाला खोकला आला. मॅडम हसल्या नाहीत, पण हे त्यांनी मला जबाबाच्या खाली लिहायला लावलं. "शिट्ट्या राहू द्या," म्हणाल्या, "बाकीचं लिहा."

परत येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. माझं तिकीटही तिनेच काढलं.

महिना संपायला तीन दिवस असताना पत्र आलं. ती पेढे घेऊन खाली आली. मी सवयीने विचारलंच, "काय काम असणार गं तुला तिथे?" ती म्हणाली, "ते सांगता येत नाही, काकू," आणि इतकी खूश होऊन म्हणाली की मला रागही आला नाही. मग मी ते दोन वर्षांपूर्वीचं काढलं. म्हटलं, ती माणसं माझ्यामुळे परत गेली, तुझ्या आईचे पोहे वाया गेले, तेव्हापासून माझ्या मनात आहे. ती पेढ्याच्या कागदाची घडी घालत म्हणाली:

"काकू, उद्या कुणी खरंच स्थळाची चौकशी करायला तुमच्या दारात थांबलं ना, तर त्यांना तो दुसरा जबाब तोंडपाठ म्हणून दाखवा. शिफ्ट, भांडणं, काका, सगळं. ते ऐकूनही जो जिना चढून वर येईल, त्याच्यासाठी पोहे मी स्वतः करीन."