बाईंच्या गाण्याची शेवटची ॲक्शन

हसायचं असेल तर हसा, पण आधी पूर्ण ऐकून घ्या. हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नाही, अशा मुलीनं भरल्या अंत्यविधीत काय करून ठेवलं, ते सांगते.

पडेगावच्या आमच्या चर्चमध्ये लहान मुलांची रविवारची शब्बाथ शाळा सुमनबाई घ्यायच्या. मुलं बहुतेक दुष्काळात गाव सोडून इकडं बांधकामांवर आलेल्यांची. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून बाई सगळं, गाणीसुद्धा, हातांच्या ॲक्शननं शिकवायच्या. हात वर केले की देव, छातीवर ठेवले की आपण, दोन्हीकडं पसरले की प्रभूचा क्रूस.

"वाचता नाय आलं तर नाय आलं. माझ्याकडं बघा. मी करंल तसंच करायचं," हा त्यांचा एकच नियम.

मी त्यांची मदतनीस. म्हणजे मुलांच्या सगळ्यात मागं, भिंतीला चिकटून.

त्या उन्हाळ्यात टँकर आधी नव्या इमारतींकडं जायचा, मग उरलं तर आमच्या गल्लीत. बाई टँकरच्या रांगेतच चक्कर येऊन पडल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांचा हंडा कुणीतरी भरून घरी पोचवला. त्या दिवशी पाणी मात्र सगळ्यांना पुरलं.

अंत्यविधीच्या आधी बाईंचे यजमान, आमचे काका, माझ्याजवळ आले. "बेटा, तिचं गाणं पोरांकडून म्हणून घे. तेवढं नीट झालं की मी तिला जाऊ देतो."

आता याला नाही कसं म्हणायचं?

बाईंच्या शवपेटीच्या पलीकडं मुलं, अलीकडं मी, आणि माझ्या पाठीमागं सगळी मंडळी. जन्मात पहिल्यांदा मी पुढं उभी होते. गाण्याची पहिली ओळच आठवेना. मी कपाळावरचा घाम पुसला.

सगळ्या मुलांनी कपाळं पुसली.

मी घाबरून हातानं 'नाही, नाही' केलं. झालं! सगळे हात बाईंच्या पेटीवर 'नाही, नाही' म्हणून हलायला लागले. मागून एका बाईचा हुंदका ऐकू आला. मग दुसरीचा. थोड्याच वेळात अख्खं चर्च रडत होतं, आणि गाणं अजून सुरूच झालं नव्हतं!

मी ओढणीत तोंड लपवलं. मुलांकडं ओढण्या कुठून असणार? त्यांनी सदरे आणि फ्रॉक तोंडावर ओढले. तेवढीच उघडी पोटं दिसत होती.

मग मात्र मला राहवलं नाही. मी वळले आणि मधल्या वाटेनं पळत बाहेर गेले. फाटकाशी पोचून मागं बघते तर काय? मुलं माझ्या मागं पळत आलेली. आणि मुलांच्या मागं पेटी! पोरं निघाली म्हणजे प्रार्थना आटोपली असेल, असं समजून खांदेकऱ्यांनी पेटी उचलली होती. सगळ्यात शेवटी पाळकसाहेब, बायबल मिटत मिटत, घाईघाईनं.

आता काका काय बोलतील? त्यांचं एक मागणं होतं, आणि मी त्याची ही दशा केली होती. ते माझ्यासमोर येऊन थांबले. डोळे सुजलेले.

"ही शेवटची पळायची ॲक्शन," ते म्हणाले, "तिनं कधी शिकवली? मला घरी दाखवली नाय."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी म्हणाले, "मागच्या रविवारी, काका."

"व्हय?" त्यांनी मान हलवली. "शेवटी पळतच प्रभूकडं जायचं. तिचंच डोकं." आणि पेटीला खांदा द्यायला ते पुढं गेले.

पाळकसाहेबांनी शब्बाथ शाळा माझ्याकडं सोपवली. आता दर रविवारी, भर उपासनेत, गाणं संपलं की मुलं दाराकडं पळतात. गुडघे दुखत असले तरी काकाही पळतात. आणि त्या सगळ्यांच्या पुढं, अख्ख्या मंडळीदेखत, पळावं लागतं मला.