नकारानंतरचा चहा

अण्णा गेल्याचा फोन वहिनीनेच केला. "वन्सं, ह्ये गेले. निघा," एवढंच म्हणाली. मी निपाणीहून वडगावात पोचले तोवर गल्लीच्या तोंडावर फ्लेक्ससुद्धा लागला होता. माणूस अजून घरात, आणि बाहेर त्याच्या फोटोखाली ठळक अक्षरांत 'स्वाभिमानी व्यक्तिमत्त्व'. बाराव्यानंतर गल्लीतल्या मंडळाने शोकसभा घेतली. तिथे एका पुढाऱ्याने माइक हातात धरून सांगितलं, की अण्णांनी आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला त्या माइकची वायर उपटावीशी वाटत होती. याच माणसाकडे अण्णा दोन पावसाळे गटारीवर फरशा टाका म्हणून मागत होता, आणि हा दर वेळी "बघू की अण्णा" म्हणून गाडीला किक मारत होता. पण ते पुढचं झालं. आयुष्याचा बराच मोठा भाग अण्णाने खरंच कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्याचं कारण स्वाभिमान नव्हतं. माझा थोरला भाऊ भित्रा होता. समोरचा नाही म्हणेल, या एका गोष्टीला तो साप-विंचवापेक्षा जास्त भ्यायचा.

लहानपणी आम्ही कंग्राळीला मावशीकडे जायचो. एकदा अण्णा एकटाच गेला, आणि बस थांबवा म्हणून कंडक्टरला सांगायचं धाडस न झाल्याने पुढच्या गावापर्यंत जाऊन शेतांतून चालत परत आला. मावशीने विचारलं तर म्हणाला, "फिराया गेलतो." लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे सरकला की हा रिकाम्या पानाकडे बघत बसायचा. त्यावर आमचे आप्पा कौतुकाने म्हणत, "पोरगं लई समाधानी हाय." आमच्याकडे ही एक जुनी खोड आहे. घाबरटाला सोज्वळ म्हणायचं, तोंड न उघडणाऱ्याला समाधानी म्हणायचं, आणि मग तो जन्मभर तोंड मिटून बसला की त्याचा फ्लेक्स लावायचा. अण्णाचं लग्नसुद्धा वहिनीच्या वडिलांनी स्वतः येऊन मागणी घातली म्हणून झालं, नाहीतर तो अजून कुणाच्या तरी दारावरून पुढे चालत गेला असता.

आमच्या घरात साड्यांचे माग. आप्पांच्या मागे अण्णा ते चालवू लागला आणि त्याच्या हाताला वेगळंच काही होतं. त्याने एक काठ बसवला होता, चाफ्याच्या कळ्यांचा, मोरपंखी रंगावर. विणलेला माल दलाल घरी येऊन उचलायचा. बाजाराचं तोंड अण्णाने कधी पाहिलंच नव्हतं. वहिनी मात्र मागे लागली, की ही साडी दलालाला द्यायची नाही, शहरात खडेबाजारातल्या मोठ्या दुकानात तुम्ही स्वतः न्यायची. तिने कापडी पिशवी शिवली, साडी घडी करून आत ठेवली आणि त्याला घराबाहेर काढलं. तो गेला आणि तासाभरात परत आला. पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "नको म्हणाले." एवढंच. पुढच्या आठवड्यात दलालाने तो काठ बघितला, त्याची नक्षी उचलली, दुसऱ्या मागांवरही विणून घेतली आणि गावभर स्वतःची म्हणून विकली. अण्णा त्याच्यासाठी तोच काठ खाली मान घालून विणत राहिला. ती पहिली साडी तेवढी खुंटीवर राहिली. वहिनी त्या काळात माझ्याशी फोनवर फक्त रडायची. माझ्या तोंडून अण्णाबद्दल जे शब्द जायचे ते इथे लिहिता येणार नाहीत...

बरीच वर्षं गेली. माझ्या मुलाचं लग्न ठरलं आणि बस्त्यासाठी मी वहिनीला घेऊन त्याच दुकानात गेले. मालक म्हातारे झाले होते. कुठल्या म्हणून विचारलं, वडगाव म्हटल्यावर ते हातातलं कापड खाली ठेवून म्हणाले, "वडगावचा एक विणकर आलता बघा एकदा. मोरपंखी साडी, काठाला चाफ्याच्या कळ्या. तसला काठ परत बघितला न्हाय. पुढं बाजारात आली ती नुसती नक्कल. नेमका अमाशेला आलता. अमाशेला आमी नवा माल शिवत न्हाय. म्हटलं, आज नको, उद्या सकाळी या, सगळा घेतो. पण आज नको म्हणेपर्यंत गडी पायऱ्या उतरला व्हता. चपला हातात घेऊन पळाला हो." मी वहिनीकडे बघितलं. ती पदराचं टोक दातात धरून बसली होती.

अमावस्येला आमच्याकडे माग बंद असतात. म्हणूनच त्या दिवशी अण्णाला सवड होती. विणकराला सुट्टी त्याच दिवशी, आणि पेढीवर नवा माल चालत नाही तोही त्याच दिवशी. दलालाच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? आणि ज्याला सांगायला तो दुकानदार तोंड उघडून बसला होता, त्याने पुढच्या वाक्याची वाट बघितली नाही. एका वाक्याची. त्यापायी या माणसाने स्वतःचा काठ, स्वतःचं नाव आणि बायकोचा जीव, सगळं दलालाच्या पिशवीत घातलं.

मी तडक वडगावला गेले आणि मागाच्या खडखडाटात ओरडून त्याला सगळं सांगितलं. त्याने माग बंद केला. "अमाशा व्हती व्हय," म्हणाला. मग माझ्यावरच उखडला, "तुला कुणी सांगितलतं चौकशी कराया?" मी पण आप्पांचीच मुलगी. म्हटलं, "अण्णा, समज अमाशा नसती. समज त्यानं खरंच नको म्हटलं असतं. काय झालं असतं? मेला असतास काय?"

त्याने मागातला धोटा काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाला, "मेलोच हुतो की गं तवा."

त्याच्यावर थुंकावं इतका राग घेऊन मी गेले होते. ते ऐकल्यावर तो राग उरला नाही. पण मी जवळबिवळ गेले नाही. जवळ घेऊन घेऊनच आमच्या घराने त्याचा असा माणूस केला होता.

पुढची अमावस्या उलटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खुंटीवरची तीच पिशवी काढली. वहिनी आणि मी दुकानासमोरच्या रसवंतीपाशी उभ्या राहिलो. आत तो एकटाच गेला. काचेतून सगळं दिसत होतं. मालक उठून उभे राहिले, साडी पूर्ण उलगडली, काठावरून बोटं फिरवली, आणि मान हलवली. आडवी. आत काय बोलणं झालं ते त्याने नंतर इतक्या वेळा सांगितलं, की मला पाठ आहे. मालक म्हणाले, "अण्णा, काम सोन्यासारखं हाय. पण आता ही कोण नेसत न्हाय. न्हाय चालायची." अण्णाचे पाय दाराकडे वळले होते. ते त्याने तसेच धरून ठेवले आणि विचारलं, "आनि?"

मालक गोंधळले. "आनि काय न्हाय."

"बरं," अण्णा म्हणाला, "मग चहा सांगा."

दोघांनी चहा घेतला. तो बाहेर आला तेव्हा मला वाटलं, माल खपला. वहिनीने विचारलं, "घेतली?" तर म्हणाला, "न्हाय घेतली." आणि हसला. त्याला तसं हसताना मी लहानपणी पाहिलं असेन, नंतर नाही. मी त्याला रसवंतीवाल्याच्या देखत म्हटलं, "शहाण्या, एवढ्यासाठी जन्म घालवलास?" तो म्हणाला, "व्हय."

त्यानंतर अण्णा गल्लीला डोकेदुखी झाला. शेजाऱ्याकडे पेरू मागायचा. बसमध्ये खिडकीची जागा मागायचा. दलालाला त्याने सांगितलं की काठ माझा आहे, तसं चारचौघांत बोल. दलाल नाही म्हणाला, तर अण्णाने त्याच्याकडून चहा घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम बंद केलं. स्पष्ट नाही म्हणणाऱ्याचा त्याला कधी राग आला नाही. "बघू", "सांगतो", "कळवतो" म्हणणाऱ्यांचा यायचा. ही जात आमच्याकडे उदंड आहे. यांना नाही ऐकायची भीती वाटते आणि नाही म्हणायचीही वाटते, आणि या दोन्ही भीतींना मिळून ते चांगुलपणा म्हणतात. शोकसभेत मागे शामियाना भरून तीच बसली होती.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. नाकात नळी. डॉक्टर आले तर त्यांचा हात धरून म्हणाला, "घरी सोडा." तरुण मुलगा होता तो डॉक्टर, खोटं बोलायला अजून शिकला नसावा. म्हणाला, "नाही सोडता येणार, अण्णा." अण्णाने त्याच्याकडे समाधानाने पाहिलं. "बरं. मग चहा सांगा." सिस्टरने चहालाही नाही म्हटलं... मी बाहेर जाऊन रडले. तो वारला म्हणून आता लोक रडतात. मी तेव्हा रडले, कारण तो किती उशिरा जगायला लागला ते त्या क्षणी मला दिसत होतं.

परवा वडगावला गेले होते. माग बंद आहेत. पिशवी त्याच खुंटीवर. साडी आत आहे हे मला माहीत होतं. माहेरची वस्तू म्हणून मी आजवर त्या घरातून काहीच मागून नेलं नव्हतं. बहिणीने मागू नये, भावाने समजून द्यावं, असं आमच्यात असतं. बसल्या बसल्या मी म्हटलं, "वहिनी, ती साडी मला दे."

वहिनीने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अण्णा बदलण्याआधीची वहिनी असती तर साडी माझ्या मांडीवर ठेवून आत जाऊन रडली असती.

"न्हाय वन्सं," ती म्हणाली. "ती मी नेसणार हाय."

माझे पाय क्षणभर दाराकडे वळले, खोटं कशाला सांगू. मग मी मागाशेजारच्या अण्णाच्या पाटावर नीट मांडी घालून बसले.

"बरं," म्हटलं, "मग चहा टाक."