अध्यक्षसाहेबांच्या पुतण्याला मी नापास केलं

औंढ्यात देवाचं नाव न लावलेली वस्तू दाखवा आणि बक्षीस घ्या. पानटपरी नागनाथ, पिठाची गिरणी नागनाथ, काळीपिवळी जीप नागनाथ. इथल्या एका कॉलेजात मी हंगामी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. दोन हजार सालानंतर पोरांचे मार्क कॉम्प्युटरवर चढले, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी पूजा घातली, नारळ फोडला आणि आम्हाला बाहेर उभं करून पासवर्ड एकट्यानं टाकला. सुनेपासून दागिने लपवावेत तसा.

मला कायम करायचं गाजर तेव्हापासून दाखवणं चालू होतं. त्यासाठी एकदाची संचालकांची बैठक ठरली. माझी माय तर तांडाभर सांगून मोकळी झाली, पोरगी पक्की झाली म्हणून. नेमकं त्याच दिवशी साहेबांनी नांदेडहून तज्ज्ञ बोलावला. चोर पासवर्ड ओळखून कॉम्प्युटर फोडतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं, म्हणून आपलं कुलूप तपासून घ्यायचं होतं.

तज्ज्ञ टाय लावून आला. भर उन्हाळ्यात, औंढ्यात, टाय! त्याच्या सीडीत एक प्रोग्राम होता. तो एकामागून एक शब्द पासवर्ड म्हणून टाकून बघायचा. उघडलं तर कुलूप कच्चं. शब्द सगळे इंग्रजी. संचालक मंडळी चहा ढोसत पडद्यावर पळणारे शब्द भक्तिभावानं बघत होती. दुपारी तज्ज्ञानं घाम पुसला आणि जाहीर केलं, "सिस्टिम एकदम सुरक्षित आहे." टाळ्याच टाळ्या.

मला गप्प बसवेना. "साहेब, ह्यांच्या शब्दांत आपल्या गावचा एक बी शब्द न्हाई."

"मग तू उघडून दाखव की," साहेब हसले.

मी बसले. गावभर पाट्यांवर आहे तेच नाव टाकलं. पहिल्या फटक्यात उघडलं! खात्री पटावी म्हणून साहेबांच्या पुतण्याला गणितात नापास केलं, सगळ्यांना दाखवलं आणि पुन्हा होतं तसं ठेवलं. खरं सांगते, त्याला पास करतानाच हात जास्त अडखळला.

ह्या वेळी टाळी नाही. साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "हिला कसं माहीत? चोर घरातच हाय!"

"साहेब, पासवर्डच कच्चा हाय. कोणतंबी लेकरू उघडंल."

"देवाचं नाव कच्चं?" एक संचालक कडाडले.

झालं. तज्ज्ञाला शाल-श्रीफळ, आणि मला कामावरून काढायचा ठराव एकमतानं मंजूर. असा संताप आला! पिशवी उचलून दारापर्यंत गेले, तर मागून साहेबांची हाक आली, "थांब गं. ठराव टाइप कोण करंल?"

संस्थेत मराठी टायपिंग येणारी मी एकटीच. परत त्याच खुर्चीत बसले. मायला आता काय तोंड दाखवू, हेच डोक्यात फिरत होतं, आणि बोटं आपली चालू होती.