तळाच्या तीन ओळी

वर्तमानपत्राला आमच्या घरमालकांइतका भिणारा, आणि तरीही त्याच्यावाचून एक सकाळ न काढणारा वाचक कोल्हापुरात दुसरा नसावा. शाहूपुरीत त्यांचं शेतीच्या पंपांचं दुकान होतं, दुकानामागे घर आणि घरावर माझी भाड्याची खोली. मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. त्यामुळे देशात जे काही बिघडे त्याचा जाब मला सकाळी जिन्यातच द्यावा लागे. ते मला नावाने हाक मारत नसत. ‘पेपरवाले’ म्हणत, आणि त्या एका शब्दात दिल्लीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळे येत.

ते पान तळापासून वर वाचत. वरचे मोठे मथळे म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टी, त्यांची काळजी करून उपयोग नाही. खरा धोका पानाच्या तळाशी, जागा भरायला टाकलेल्या तीन ओळींत असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. “मोठं छापलं म्हंजे सपलं. जे सांगायचं नसतंय ते बारीक छापत्यात,” हे ते गिऱ्हाइकाला पंपाच्या किमतीआधी ऐकवत. कानावर निळी पेन्सिल खोचलेली असे. तिने ते अशा बातम्यांभोवती गोल काढत आणि गोल काढलेला पेपर माझ्यापुढे धरत. एकदा ‘रॉकेलचा साठा पुरेसा, नागरिकांनी घाबरू नये’ असं छापून आलं. चहा तसाच टाकून त्यांनी घरातले सगळे डबे रेशन दुकानापुढे नेऊन मांडले. मालक उभे राहिले म्हणून गल्ली उभी राहिली, ती पाहून शेजारची गल्ली धावली, आणि दुपारपर्यंत रॉकेल खरोखरच संपलं. संध्याकाळी ते जिन्यात माझी वाट पाहत होते. “बघितलासा न्हवं?” एवढंच म्हणाले. युद्धाच्या दिवसांत खिडक्यांना लावलेले काळे कागद युद्ध थांबल्यावरही निघाले नाहीत, कारण युद्धबंदी पहिल्या पानावर होती आणि सीमेवरची किरकोळ चकमक चौथ्याच्या तळाशी. घर दिवसाढवळ्या अंधारं असे. मालकीणबाई तांदूळ निवडायला दुकानात येऊन बसत.

आणीबाणीत मात्र त्यांची पंचाईत झाली. मथळे गोड होतेच, तळाच्या ओळीही गोड झाल्या. पेन्सिल कानावरून उतरेना. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. रोज आवाज खाली आणून मला विचारत, “आज काय छापलं न्हाई ते सांगा.” आतून मालकीणबाईंचा आवाज येई, “त्येला चा पिऊ द्या आधी. तुमच्या पायी धरून न्हेतील बिचाऱ्याला. भाडं कोण दील मग?”

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं. त्यांची थोरली लेक शिरोळकडच्या एका गावात दिलेली. बाळंतपण उरकून, तान्ह्या पोराला घेऊन ती नुकतीच सासरी गेली होती. एस.टी. बंद झाली, तारा पडल्यामुळे फोन लागेना. अशात एक सरकारी पत्रक आमच्याकडे आलं. ते मीच चौथ्या पानावर मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली लावलं: शिरोळ भागात पाण्याची पातळी स्थिर असून चिंतेचे कारण नाही. मोजून तीन ओळी.

सकाळी ते जिना चढून थेट खोलीत आले. तसे ते कधी येत नसत. हातात पेपर होता, पण बातमीभोवती गोल नव्हता.

“हे तुम्ही लावलासा?”

मी हो म्हणालो.

“खरं हाय?”

“पत्रक आलं होतं, मालक.”

“पत्रक न्हाय इचारत मी.”

खरं की खोटं ते मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. ते खाटेच्या कडेला बसले. जिन्याच्या तोंडाशी मालकीणबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. जन्मभर पेपर खोटा ठरवणाऱ्या त्या माणसाचा चेहरा आज पेपर खरा ठरावा म्हणून विनवत होता. ते म्हणाले, “उद्या मोठं छापा. तेवढं करा. मोठं झालं की सपतंय.”

मथळा वाचकाच्या सांगण्यावरून ठरत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच दिवशी आमचा बातमीदार थोडा ट्रकने, थोडा नावेने जाऊन परतला. पत्रक चुकीचं होतं. पाणी लेकीच्या गावात शिरलं होतं, भिंती पडल्या होत्या, जनावरं वाहून गेली होती. पण माणसं आदल्या दिवशीच उंचावरच्या शाळेत हलवली होती आणि सगळी सुखरूप होती. संपादकांनी आपणहून माणसं सुखरूप असल्याचा आठ कॉलमी मथळा दिला. पहाटे मी ओल्या शाईचा अंक घेऊन घरी आलो तर मालक पायरीवर बसलेले. त्यांनी मथळ्यावर वीत ठेवली. पुन्हा ठेवली. दोन विती भरल्यावर त्यांनी मालकीणबाईंना हाक मारली आणि तो मथळा त्यांना वाचून दाखवला. खालचं काही वाचलं नाही. पाणी उतरल्यावर लेक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली, पोर कडेवर आणि वाचलेली शेळी दोरीला. तिला पाहून ते म्हणाले, “पेपरात आलतीस.” आणि दुकानात जाऊन उगाचच एक पंप पुसत बसले. दुसऱ्या दिवशी पेन्सिल कानावर होती. साखरेचा साठा पुरेसा असल्याची बातमी आली होती.

पुढे मी ती खोली सोडली. बऱ्याच वर्षांनी, मी बातम्यांच्या टेबलावर कामाला असताना, त्यांच्या निधनाची बातमी आली. शाहूपुरीतल्या एका दुकानदाराला चौथ्या पानाच्या तळाशी जेवढी जागा मिळते तेवढीच ती होती. वाढवली असती तर कुणी विचारलं नसतं. पण मोठं छापलं की संपलं, असं ते म्हणत. मी ती तीन ओळींचीच ठेवली.