सिस्टर व्हर्ना आणि डोंगर

मी काडी ओढली आणि सिस्टर व्हर्ना ताडकन उठून बागेत गेल्या. नॉटिंगहॅममधल्या आमच्या घरी त्या दिवाळीच्या फराळाला पहिल्यांदाच आल्या होत्या. पणत्या लागल्यावर मी बाहेर गेले. कोटाविना थंडीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "गंधकाचा वास. सॉरी. आमचा डोंगर फुटला तेव्हा मी लहान होते. भरदुपारी अंधार झाला होता."

हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये मात्र या बाईंचा दरारा होता. पुण्याहून नव्याने आलेली नर्स मी, रडायच्या बेतात असले की म्हणत, "आधी पेशंटचा हात धर. तुझं नंतर बघू."

पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, "कॅरिबियनला, आमच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर येशील? आईला इकडे घेऊन यायचंय. एकटी गेले तर एअरपोर्टवरूनच परत फिरेन." मी रजा टाकली.

गाव थेट ज्वालामुखीच्या पायथ्याशी, वाळूसुद्धा काळी. त्यांच्या आईला सगळे मिस एल्मा म्हणत. निखाऱ्यांवर विलायती फणस भाजताना त्यांनी मला बजावलं, "वाटेत जो भेटेल त्याला आधी नमस्कार करायचा. नाही केलास तर लोकांना राग येतो." संध्याकाळी लोक भेटल्याभेटल्याच 'गुड नाइट' म्हणत; तिथे तो नमस्कारच, पण मला वाटे, हे निघालेच.

एका दुपारी जमीन हलली. शेल्फवरचे कप खाली आले. मग तो वास आला. गल्लीतली बायामाणसं एकेका घराचं दार वाजवत खाली रस्त्याकडे निघाली, तिथे सगळ्यांना न्यायला ट्रक उभा होता. मिस एल्मा मात्र खुर्चीतून हलेनात. "आधी टोबायसला आणा," म्हणाल्या. टोबायस आंधळे होते, आणि त्यांचं घर वर, डोंगराच्या बाजूला होतं.

व्हर्नांना चपलेचा पट्टा काही केल्या लागेना.

"दुसरं कोणी जाईल ना," मी म्हटलं.

"सगळे असंच म्हणतील," त्या म्हणाल्या आणि अनवाणीच निघाल्या. एकटं थांबायची जास्त भीती वाटली म्हणून मी मागे गेले.

वाटेवर वरून दगड घरंगळत होते. एक माझ्या पायाजवळून गेला आणि मी किंचाळले. टोबायस दारात काठी धरून बसले होते. पावलं ऐकून म्हणाले, "गुड आफ्टरनून." आणि उत्तराची वाट बघत थांबले.

व्हर्नांचे दात वाजत होते. तरी त्या म्हणाल्या, "गुड आफ्टरनून, मिस्टर टोबायस. कसे आहात?"

"घाबरलोय," म्हातारा शांतपणे म्हणाला. "आणि तू?"

"मीपण," व्हर्ना म्हणाल्या. टोबायसना दोन्हीकडून धरून आम्ही खाली आणलं. मगच मिस एल्मा खुर्चीतून उठल्या आणि आम्ही सगळे ट्रकमध्ये चढलो.

डोंगर फुटला नाही. काही दिवसांनी तो निवला आणि माणसं घरी परतली. मिस एल्मांनी इंग्लंडला यायला साफ नकार दिला. आम्ही दोघीच परत आलो, आणि महिन्याभरात व्हर्नांनी राजीनामा दिला.

त्या कायमच्या गावी निघाल्या तेव्हा एअरपोर्टच्या बसवर सोडायला मी गेले होते. न राहवून विचारलं, "भीती गेली का तुमची?"

"छे गं. आत्तासुद्धा भीती वाटतेय." त्यांनी बॅग उचलली. "पण तिथे घाबरले की कोणीतरी दार वाजवतं. इथे इतकी वर्षं मी एकटीच घाबरत होते."