आप्पांनी मारलेली गाठ

आक्का,

विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला म्हणून मी कोलकात्याला निघालो त्या दिवशी हातकणंगले स्टेशनवर आप्पा गाडी सुटेपर्यंत एकच गोष्ट समजून घेत होते. विमानाचा भाग कापडाचा कसा? मी सांगितलं, काळ्या कार्बन धाग्याचं विणलेलं कापड असतं, त्याचे थर साच्यात रचायचे, राळ भरायची आणि भट्टीत भाजायचं. "म्हंजे कापडाचंच काम हाय की," असं म्हणून ते निर्धास्त झाले. इचलकरंजीत जन्मभर माग दुरुस्त केलेला माणूस. पोरगा परमुलखात निघाला तरी धंद्याबाहेर गेला नाही, याचंच त्यांना समाधान. तू मात्र रडत होतीस.

आई गेल्यावर मी हट्टाने त्यांना इकडे आणलं, ते तुला पटलं नव्हतं. बागबाजारच्या घरात ते दिवसभर खिडकीशी बसायचे. मराठ्यांच्या धास्तीने पूर्वी या भागात खंदक खणला होता, असं मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "तरीच कोण बोलत न्हाई माझ्याशी." खालचा मिठाईवाला बोलायचा बिचारा, पण बंगालीत. आणि मी संध्याकाळी परतायचो तो दमलेला.

म्हणून कारखान्यात घरच्यांना बोलावण्याचा दिवस आला तेव्हा मी त्यांना हौसेने नेलं. पांढरा कोट, टोपी, हातमोजे चढवून ते कापडाच्या टेबलाशी उभे राहिले, अगदी ताठ. मी तपासनीसाशी बोलायला दोन मिनिटं पाठ फिरवली. तेवढ्यात त्यांना कापडात एक तुटलेला धागा दिसला. हातमोजा काढून, बोटाला थुंकी लावून त्यांनी तो सांधला. मागावर आयुष्यभर मारलेली बारीक गाठ. "वाचीवलं बघ तुझं कापड," म्हणाले. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे उघड्या बोटाचा घामसुद्धा चालत नाही, तो लागला तिथे राळ धरत नाही. गाठ तर मारायचीच नसते, तिथे भाग कमजोर होतो. तपासनीस म्हणाला, "सर, ये तो रिजेक्ट करना पड़ेगा." सही माझी लागते. आक्का, आप्पांना आधी चहाला पाठवलं असतं तर काय बिघडणार होतं? पण हाताला सवय. मी तिथल्या तिथे लाल चिठ्ठी लावली आणि कात्रीने कापड आडवं कापलं. नापास माल चुकून वापरात येऊ नये म्हणून तो कापायचाच असतो. आप्पा बघत होते. मग हळूच म्हणाले, "गाठ बसली न्हाई व्हय रं?"

मी सगळं समजावलं. त्यांनी काढलेला हातमोजा परत चढवला. चिडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते घरात कशालाही हात लावण्याआधी विचारायला लागले. "ह्यो पेला घिऊ?" "पंखा लावू का?" मी विनवण्या केल्या, ओरडलोसुद्धा. एकदा मुद्दाम शर्टाचं बटण तोडून त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, "टेलरकडं दे. माझ्याच्यानं बिघडंल." विमानाच्या भागात खोट निघाली तर काय करायचं, याचे माझ्याकडे कागदांचे गठ्ठे आहेत. इथे मला काही म्हणजे काही सुचेना.

परवा फोनवर तू विचारलंस, कंटाळलास का रे आप्पांना? नाही गं. माझ्या घरात ते पाहुणे झाले, आणि ते मी केलं. आता मला घर म्हणजे एवढंच कळतं, जिथे माणूस न विचारता वस्तूला हात लावतो. तशी जागा त्यांना इथे देणं मला जमलं नाही. बँकेतले एक कोल्हापूरचे साहेब बदली होऊन परत चाललेत, त्यांच्या सोबतीने आप्पांना तुझ्याकडे पाठवतोय. मला रजा मिळाली नाही.

तुझ्याकडे त्यांनी काही सांडलं, फोडलं, तर फोडू दे. आणि कधी आपणहून फडताळ उघडून, डबा काढून चिवडा खाल्ला, तर मला लगेच फोन कर. मी कामावर असेन, फोन आत नेता येत नाही, तो लॉकरमध्ये वाजत राहील. तरी कर.